लाल सील न मोडता

१

रविवारी सकाळी तन्वी नेमबाजीच्या रेंजवरून परतली ती आपल्या घरी गेलीच नाही. थेट वरच्या मजल्यावर कमलताईंच्या दारात येऊन उभी राहिली. नाक थंडीने लाल झालं होतं आणि डोळे रडून. पिस्तुलाची काळी पेटी हातात नव्हती.

"पेटी कुठंय गं?" कमलताईंनी विचारलं.

"पप्पांकडे. मला नको ती." ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. "मावशी, परत तेच झालं. चाप ओढला की टक्. नुसतं टक्. पहिल्या सगळ्या गोळ्या फुसक्या गेल्या. शेजारच्या लेनमधली पोरं हसू लागली."

कमलताईंनी दूध गॅसवर ठेवलं आणि तिला बोलू दिलं.

पिस्तूल पावसाळ्यात परदेशातून आलं होतं. तोवर तन्वी क्लबच्या जुन्या, दहा हातांत फिरलेल्या पिस्तुलावर शिकली होती. बाजार खुला झाल्यापासून हिमायतनगरच्या त्या इमारतीत बऱ्याच नव्या वस्तू आल्या होत्या. कुणाकडे मोठा फ्रिज आला, कुणाकडे केबल. पण स्वतःचं वॉरंटी कार्ड असलेलं पिस्तूल फक्त उदगीरकरांकडेच होतं. मागच्या स्क्रूवर लाल लाखेचं सील होतं, आणि ते मोडलं तर वॉरंटी संपली. त्यामुळे त्या घरात वॉरंटी सोवळ्यासारखी पाळली जायची. कुणी शिवायचं नाही.

तरी पिस्तूल बिघडलं. कोठी भागातल्या एजंटच्या वर्कशॉपमध्ये ते दोनदा जाऊन आलं. दोन्ही वेळा कागदावर एकच शेरा होता: दोष आढळला नाही.

"पुढच्या रविवारी राज्याच्या संघाची निवड आहे," तन्वी म्हणाली. "मी जाणार नाही."

"पिस्तूल चालत नाही म्हणून?"

"नाही. ते कोण बिघडवतंय ते मला कळलंय म्हणून."

दूध वर आलं. कमलताईंनी गॅस बारीक केला. "कोण?"

"पप्पा," तन्वी म्हणाली.

२

कमल धारूरकरांचं सगळं आयुष्य धातूंच्या प्रयोगशाळेत गेलं होतं. तुटलेले खिळे, तडकलेल्या पट्ट्या, दमलेल्या स्प्रिंगा त्यांच्या टेबलावर यायच्या, आणि हे का तुटलं ते त्यांनी सांगायचं. निवृत्त झाल्यावर इमारतीतल्या लोकांनी त्यांच्याकडे मिक्सर आणून दिले, घड्याळं आणून दिली, एकदा तर एक नवरा आणून बसवला. "का बिघडलं?" हा प्रश्न त्यांना कधी कंटाळवाणा वाटला नाही. पण "कुणी बिघडवलं?" हा प्रश्न त्यांना आवडत नसे. धातू खोटं बोलत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. माणसांबद्दल तेवढी खात्री नव्हती.

तन्वीचा बाप गिरीश उदगीरकर पाटबंधारे खात्यात होता. त्याच्या आधी त्याचे वडील तिथेच होते. सोमवारी संध्याकाळी कमलताई खाली गेल्या तेव्हा तो सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसला होता.

"तन्वी मलाच म्हणाली ताई, तोंडावर म्हणाली. तुम्हाला अमेरिकेलाच पाठवायचंय मला, म्हणून करताय."

"पाठवायचंय का?"

"जीआरईची परीक्षा दे म्हणालो होतो. तिच्या वर्गातली निम्मी पोरं द्यायलीत. त्यात काय पाप आहे?" तो सोफ्यावर पुढे सरकला. "रविवारी पहाटे थंडीत स्कूटरवर तिला रेंजवर कोण नेतंय? मीच की. हातमोजे तिला देतो आणि माझे हात बर्फ होऊ लालेत. मोडायचंच असतं तर उठलो कशाला असतो?"

त्याने आईच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. घरातलं सगळ्यात भक्कम कुलूप त्याच कपाटाला होतं. किल्ली त्याच्या कमरेला असायची. पेटी उघडून त्याने पिस्तूल आधी रिकामं असल्याचं दाखवलं आणि मग कमलताईंच्या हातात दिलं. त्यांनी भिंगातून सील पाहिलं. लाख अखंड होती. ओरखडासुद्धा नव्हता.

"म्हणजे आत कुणी हात घातला नाही," गिरीश म्हणाला, "आणि तरी आत बिघाड होतोय. भुताटकी म्हणायची का?"

"या खोलीत कोण येतं?"

"आई असते. पण ती तर पेटी काढली की तोंड फिरवून बसते."

सत्यवतीआजी खिडकीपाशी शिवणयंत्रासमोर बसल्या होत्या. कमलताईंच्या साडीला फॉल लावायचा राहिला होता.

"उद्या देते गं कमल. सकाळी लावणार होते, पण हिवाळ्यात यंत्र जड चालतंय मेलं. ऊन लागल्याशिवाय हलत नाही." खिडकीच्या कठड्यावर खोबरेलाची बाटली आणि यंत्राची लांब चोचीची कुपी दुपारपासून तशाच शेजारी शेजारी राहिल्या होत्या. आजी बोलताना तळहातावर तळहात घासत होत्या. जणू हातांना काहीतरी काम हवं होतं. "पोरीनं दिवाळीनंतर केस कापले, पाहिलीस? कानावर ते आवाज अडवायचं डबडं नीट बसत नाही म्हणे. एवढे केस होते. तिची आई गेली तेव्हापासून दर शुक्रवारी मीच तेल घालायची."

"दिसतात छान," कमलताई म्हणाल्या.

"दिसू देत की," आजी म्हणाल्या आणि यंत्रावर झाकण घातलं.

कमलताई जिना चढून वर आल्या. गिरीश खोटं बोलत नव्हता, एवढं त्यांना कळलं होतं. पण सील न मोडता आत गेलेला तो दुसरा हात कुणाचा, याचा काहीच पत्ता नव्हता.

३

कमलताई रेंजवर पोचल्या तेव्हा तन्वीचे कोच सुरेश सर पायरीवर चहा पीत होते. त्यांची भाची वैशाली त्याच निवडीला उभी राहणार होती. तन्वी गेली नाही, तर जागा बहुतेक वैशालीचीच होती.

"लोगां क्या बोलते मेरेको मालूम है मॅडम," त्यांनी स्वतःच सुरुवात केली आणि मग मराठीत आले. "आमच्या घरी बायको मराठी आहे, तीसुद्धा रात्री विचारते, काहो, तुम्ही तर नाही ना काही केलं? बोला आता."

"तुम्ही केलं का?"

ते हसले, पण कप खाली ठेवला. "वैशालीनं परवा स्वतः सांगितलं तन्वीला, माझं पिस्तूल घे, आपण दोघी एकावरच खेळू. तन्वी बाई नको म्हणाली. स्वाभिमान लई आहे."

न उडालेली काडतुसं त्यांनी एका डब्यात वेगळी ठेवली होती. कमलताईंनी ती उन्हात धरून भिंगातून पाहिली. प्रत्येकाच्या काठावर, पिस्तुलाची पिन आपटते तिथे, ठसा होता, पण उथळ, दबक्या हाताने दार ठोठावल्यासारखा. उडालेल्या काडतुसांवरचा ठसा खोल आणि कडक होता.

"म्हणजे पिन पोचते," त्या म्हणाल्या, "पण जोर लागत नाही. हे कधी होतं?"

"रविवारी पहाटे. आम्ही संध्याकाळी सराव करतो तेव्हा एकही फुसकी जात नाही. रविवारीसुद्धा ऊन चढलं की मक्खन चलती."

"दुरुस्तीहून आल्यावर?"

सर आठवू लागले. "शनिवारी परत येतं, पहिला रविवार ठीक जातो. दोन्ही वेळा ठीक गेला. पुढच्या रविवारी पुन्हा टक्."

कमलताई पायरीवर टेकल्या. नुसत्या थंडीचा दोष असता, तर पहिल्या रविवारीही पिस्तूल अडायला हवं होतं. त्या पहाटेही थंडी होतीच. म्हणजे थंडीबरोबर आणखी काहीतरी होतं. ते पिस्तूल घरी आल्यावर आठवडाभरात आत जात होतं, आणि कोठीच्या वर्कशॉपमध्ये नाहीसं होत होतं.

"सर, त्या वर्कशॉपमध्ये काम कोण करतं?"

"अंबाजी. भला माणूस आहे. पण जायचं तर लवकर जा. एजंट म्हणतोय, आता पिस्तूल आलं तर तो वॉरंटीच रद्द करणार."

४

कोठीत पुस्तकांच्या दुकानांमागे एक बोळ होता आणि बोळाच्या टोकाला अंबाजीचं वर्कशॉप. आत रॉकेलचा वास इतका दाटलेला होता की कमलताईंनी पदर नाकाला लावला.

"बसा अम्मा, बसा. बिड्डाचं, त्या लेकराचं पिस्तूल ना? या हातानं दोनदा तपासलं. वाळूच्या पेटीत गोळ्या झाडून बघितल्या. एकबी फुसकी नाही." अंबाजीने हात पुसले. "मालकाचा फोन येऊन गेला. म्हणाले, आता आलं तर ग्राहकाचा निष्काळजीपणा लिहून टाक. मी काय करू? मला दिसलंच नाही तर मी दोष लिहू कसा?"

"मला एवढंच सांगा अंबाजी. पिस्तूल तुमच्या हातात आलं की तुम्ही पहिल्यांदा काय करता?"

"पहिल्यांदा?" त्याला प्रश्न फारच सोपा वाटला. "रॉकेलच्या परातीत बुडवतो. तीन खळखळे. वाऱ्यावर वाळवतो. मग हातात घेतो. कळकट वस्तू हातात घेऊन कोण बघणार?"

"म्हणजे बघायच्या आधी धुता."

"हौ."

"आणि धुतल्यावर त्यात काहीच सापडत नाही."

अंबाजीने हातातलं फडकं खाली ठेवलं. परातीकडे पाहिलं, मग कमलताईंकडे. "अरे देवा," तो हळूच म्हणाला.

"तुमची चूक नाही. रीतच तशी आहे. आमच्या प्रयोगशाळेतही नवीन मुलं आधी नमुना चकाचक करून आणायची." कमलताई उठल्या. "शुक्रवारी पिस्तूल आणते. धुवायचं नाही, हात लावायचा नाही. आणि थोडी जागा करून ठेवा, मी बर्फ घेऊन येणार आहे."

"बर्फ? पिस्तुलाला?"

"त्याला थंडी वाजते," कमलताई म्हणाल्या.

५

शुक्रवारी दुपारी वर्कशॉपमध्ये बसायला जागा उरली नाही. गिरीश पेटी मांडीवर घेऊन बसला होता. तन्वी त्याच्यापासून जास्तीत जास्त लांब, दाराला टेकून उभी होती. सुरेश सरांनी दरडावून आणलं नसतं, तर ती आलीच नसती. कमलताईंच्या पिशवीत रुंद तोंडाचा थर्मास होता, त्यात सरबतवाल्याकडून घेतलेला बर्फ.

"आधी आहे तसंच," त्या म्हणाल्या.

अंबाजीने वाळूच्या पेटीत गोळ्या झाडल्या. सगळ्या उडाल्या.

"बघा," अंबाजी म्हणाला. "मी खोटं बोलत होतो का?"

"नव्हता बोलत. आता गोळ्या काढा आणि द्या इकडे."

रिकामं पिस्तूल पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत गुंडाळून त्यांनी बर्फात ठेवलं. सगळ्यांनी चहा घेतला. बापलेकींनी एकमेकांकडे न पाहता घेतला. चहा संपल्यावर कमलताईंनी पिस्तूल काढून कोरडं पुसलं आणि अंबाजीच्या हातात दिलं.

टक्.

पुन्हा, टक्.

दारापाशी तन्वी सरळ उभी राहिली. तोच आवाज होता.

"आता उघडा," कमलताई म्हणाल्या. "सील तुम्हीच मोडायचं. तो हक्क तुमचा आहे."

अंबाजीने आधी गोळ्या काढल्या, मग लाख फोडली. घोड्यामागच्या बारीक फटीतून आत जाणाऱ्या वाटेत त्याने कापूस फिरवला. कापसावर पांढरट, मेणासारखं काहीतरी आलं.

"ग्रीस?" सुरेश सर वाकले.

"ग्रीस असं पांढरं नसतं." कमलताईंनी तो कण तळहातावर घेतला. बघता बघता तो पाण्यासारखा पातळ झाला. "हे थंडीत गोठतं आणि हाताच्या उबेनं वितळतं. पहाटे स्कूटरवर पेटी गार पडते, हे घट्ट होतं, पिन त्यात अडत अडत पुढं जाते. ठसा उमटतो, पण गोळी उडत नाही. ऊन चढलं की सगळं सुरळीत. आत कुणी उघडून घातलेलं नाही. फटीतून थेंब सोडला की पुरे, सील तसंच राहतं. आणि इथं आलं की अंबाजी ते धुऊन टाकतात."

"पण आहे काय ते?" गिरीशने विचारलं.

कमलताईंना उत्तर माहीत होतं. त्यांनी जिना चढताना ते शोधायला हवं होतं. खिडकीतली कुपी, जड चालणारं यंत्र, एकमेकांवर घासणारे ते रिकामे हात. त्या दिवशी त्यांनी घरात सगळ्यांना प्रश्न विचारले होते. फक्त आजींना विचारला नव्हता. गिरीश म्हणाला, आई तोंड फिरवते, आणि त्यांनी ते तपासल्याशिवाय मान्य केलं होतं.

त्यांनी तळहात तन्वीपुढे धरला.

तन्वीने वास घेतला. लहानपणापासून शुक्रवारी रात्री उशीला यायचा तो वास. गेल्या दिवाळीपर्यंत तिच्या स्वतःच्या केसांना यायचा तो. तिचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग लहान झाला. गिरीशनेही कमलताईंचा हात आपल्याकडे वळवून घेतला. त्याच्या आईने त्याच्याही डोक्यावर हेच थापलं होतं. कपाटाची दुसरी किल्ली आईच्या जुन्या जुडग्यात आहे, हे त्याला तेव्हा आठवलं.

अंबाजीने भाग धुतले, वाळवले, जोडले. कमलताईंच्या सांगण्यावरून पुन्हा बर्फात ठेवले, पुन्हा काढले. या वेळी गोळी उडाली, पण त्या आवाजाकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"आता कागद," अंबाजी म्हणाला. "कुणी घातलं म्हणून लिहू? नाव लागतंय."

"मी," तन्वी म्हणाली. "मीच घातलं. लिहा."

गिरीशने तिच्याकडे पाहिलं. आठवड्यात पहिल्यांदाच ती त्याच्याकडे पाहत होती.

"थांबा," कमलताई म्हणाल्या. "तुमच्या कार्डावर कुठलं तेल घालू नये, असं लिहिलंय का कुठं?"

अंबाजीने कार्ड उलटसुलट केलं. "नाही. उघडू नये, एवढंच आहे."

"उघडलं तुम्हीच."

त्याने कार्ड बाजूला ठेवलं. मग त्याने पेन उचललं आणि तोंडाने म्हणत म्हणत लिहिलं, "वंगण बदललं. पिस्तूल ठीक." आणि मागच्या स्क्रूवर ताजी लाल लाख सोडली.

बाहेर आल्यावर तन्वी म्हणाली, "पप्पा, स्कूटर मी चालवू?"

"सुलतान बाजाराच्या गर्दीतून?" गिरीश म्हणाला. मग किल्ली तिच्या हातात ठेवली. "चालव. हळू."

६

संध्याकाळी कमलताई साडी न्यायला खाली गेल्या. उदगीरकरांचं दार उघडंच होतं. आत खोलीत तन्वी आजींच्या पुढ्यात जमिनीवर बसली होती आणि खोबरेलाची बाटली तिच्या हातात होती.

"आजी, तेल घाल."

"कुठं घालू? केस कुठं ठेवलेस तू?"

"आहेत तेवढ्याला घाल."

आजींनी वाटीत तेल ओतलं. सुरकुतलेले हात त्या आखूड केसांवरून फिरू लागले. आधी बिचकत, मग सवयीने.

"आजी, पिस्तुलाला तू तेल घालत होतीस?"

हात थांबले. कमलताई दारातच उभ्या राहिल्या.

"शुक्रवारी," आजी म्हणाल्या. "तू झोपल्यावर. तुझ्या डोक्याला घालायचे त्याच वारी. लोखंड आहे, त्याला तेल नको का? हात लावायचा नाही म्हणाला गिरीश, म्हणून लावला नाही. चोचीनं दोन थेंब सोडायचे, बस. यंत्राचं तेल बाजारचं असतंय, काय काय मिसळतेत. तुझ्या हाताला लागणार. म्हटलं, जे लेकराच्या डोक्याला चालतं ते..." त्या बोलता बोलता खिडकीकडे वळल्या. यंत्राकडे पाहिलं. कठड्यावरच्या कुपीकडे पाहिलं. शाळा चौथीपर्यंत झालेली असली तरी आजींना एका गोष्टीवरून दुसरी लावायला वेळ लागत नसे.

"थंडीत गोठत असेल की गं ते," त्या म्हणाल्या. "माझ्या यंत्रासारखं."

"हो."

"म्हणजे मीच. तू रडत यायचीस आणि मी तुला चहा करून द्यायची. आणि मीच."

तन्वीने मान वळवली नाही. हात मागे नेऊन आजींचा हात पुन्हा आपल्या डोक्यावर ठेवला. "पिस्तुलाचं वेगळं तेल असतं. मावशी आणून देणार आहेत. ते तूच घालायचं, दर शुक्रवारी. पण माझ्यासमोर. आणि हे इथं."

आजींनी वाटी जवळ ओढली. मग वाटीत बोटं बुडवली.

"टाळू किती कोरडी पडलीय बघ," त्या म्हणाल्या.

कमलताई साडी न घेताच वर गेल्या.

रविवारी पहाटे थंडी होती, गवतावर दव होतं. गिरीशचे हात स्कूटरच्या मुठींवर नेहमीसारखे गारठले होते. कमलताईंच्या शेजारी शालीत गुंडाळलेल्या आजी बाकावर बसल्या होत्या, आयुष्यात पहिल्यांदा रेंजवर. सुरेश सरांनी तन्वीच्या कानांवर मफ बसवले आणि नाक मुरडलं.

"क्या लगाके आयी गे? खोबरेल? मफ खराब होते ना."

"होऊ द्या सर," तन्वी म्हणाली आणि लेनकडे वळली.

आजींनी तोंड फिरवलं नाही. शालीच्या आत दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून त्या पाहत राहिल्या. तन्वीचा हात वर गेला, स्थिरावला, आणि त्या गार हवेत पहिलीच गोळी कडाडून उडाली.